मिकिऑन परटाचं मत

अथेन्सच्या पश्चिम वेशीला लागून एरिदानॉसचा ओढा वाहतो, तिथे मिकिऑनचं परटाचं दुकान होतं. दुकान दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. कपडे धुवायला साठवलेल्या शिळ्या लघवीचे रांजण, गंधकाची धुरी आणि ओली लोकर यांचा मिळून असा दर्प सुटे, की येणारे जाणारे नाक दाबून पुढे सटकत. मिकिऑनला ते बरंच वाटे. माणसं दारात रेंगाळत नाहीत, यात त्याला सुख होतं. जो रेंगाळे त्याच्याकडे तो डोळे बारीक करून बघत राही.

लोकांची लोकरी उपरणी पायांनी तुडवायची, किमोलॉस बेटावरची पांढरी माती चोळायची, काटेरी कुंच्यानं लव उभी करायची, हे काम तो तीस वर्षं करत होता. एवढ्या वर्षांत त्याला डाग वाचायची विद्या आली होती. गुडघ्याशी मेण लागलं असेल तर हा माणूस मेणाच्या पाट्यांवरचा मजकूर खोडत बसला होता. खांद्यावर दुसऱ्याच घरचं अत्तर असेल तर बायकोला थाप मारून आला आहे. काठाला यज्ञाचं रक्त नसून कोंबडीचंच असेल, तर देवाला बैल वाहिल्याची बढाई खोटी. हे सगळं तो मनात ठेवी, बोलत मात्र नसे. गिऱ्हाईक गेलं की उपरणं उलटंपालटं करून नुसतं म्हणे, "असं आहे तर."

संशय त्याच्या अंगात मुरला होता. अंजीरवाल्यानं आपणहून दोन अंजिरं जास्त टाकली, तर घरी येऊन तो एकेक फोडून बघे. एकदा त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चांगली होती, पण तिचा बाप बोलणी चालू असताना सारखा हसत होता. एवढं हसण्यासारखं काय आहे, या विचारानं मिकिऑनची दोन दिवस झोप उडाली आणि तिसऱ्या दिवशी त्यानं नकार कळवला. पुढे ती मुलगी एका कुंभाराला दिली आणि तिचा संसार सुखाचा झाला. तिचा बाप जात्याच हसरा होता, एवढंच.

घरी त्याची विधवा भावजय लिसिला होती. ती माग चालवी, स्वयंपाक करी आणि त्याचा स्वभाव सोसत असे. "भाऊजी," ती कधी कधी म्हणे, "विहिरीच्या पाण्यावर तरी विश्वास ठेवा. ते कुणी पाठवलेलं नाही."

मिकिऑन पहिल्यापासून असा नव्हता. जुने शेजारी सांगत की तरुणपणी तो कुणाशीही गप्पा मारायचा, न्हाव्याकडे तासन्‌तास बसायचा. स्पार्टापुढे गाव हरलं आणि गावात तीस जणांचं राज्य आलं, त्या हिवाळ्यात तो बदलला. तेव्हा दुकान दोघा भावांचं होतं. थोरला देक्सिऑस म्हणजे लिसिलाचा नवरा. डोंगरातल्या फिली किल्ल्यावर गावातले परागंदा लोक जमत होते आणि देक्सिऑस त्यांच्यासाठी मातीच्या पोत्यांखाली ढाली लपवून ठेवत होता. हे त्यानं धाकट्या भावाला सांगितलेलं नव्हतं. एके दिवशी तीस जणांनी देक्सिऑसला धरल्याची बातमी आली. खटला नाही, साक्ष नाही. दुसऱ्या दिवशी विष पाजलेला देह घरी आला.

कुणीतरी चुगली केली होती, हे उघड होतं. कुणी केली ते कळलं नाही. पुढे तीस जणांचं राज्य उलटलं, परागंदा माणसं परत आली आणि सगळ्या गावानं शपथ घेतली की त्या दिवसांचं वाईट कुणी कुणाचं उकरायचं नाही, त्यावरून खटला भरायचा नाही. मिकिऑननंही हात वर करून शपथ घेतली. पण शपथ जिभेची होती. चौदा वर्षं तो दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघून मनात विचारत होता, तूच का तो?

अशातच फेडिमॉस त्याच्या दुकानात आला.

फेडिमॉस पासष्टीचा म्हातारा. पूर्वी पिरेउसच्या गोदीत गलबतांची वल्ही घडवायचा. हात थकल्यावर तो गावात येऊन राहिला आणि कारंज्याच्या पायऱ्यांवर बसून माणसांशी चांगलं जगणं म्हणजे काय यावर बोलू लागला. तो शिकवणीचे पैसे घेत नसे, म्हणून मिकिऑनला त्याचा जास्तच संशय. फुकट बोलणारा माणूस कुठून तरी वसूल करत असणार, असा त्याचा हिशोब होता. शिवाय म्हातारा त्याच्याकडे नेहमी जरा जास्त वेळ बघे आणि मग नजर काढून घेई.

त्या दिवशी कुणा गाडीवाल्यानं त्याच्या अंगावर चिखल उडवला होता. म्हाताऱ्याकडे उपरणं एकच. ते काढून त्यानं मिकिऑनच्या हातात दिलं आणि धुऊन वाळेपर्यंत लोकरीचं रिकामं पोतं अंगाला गुंडाळून दुकानाच्या ओट्यावर बसला.

मिकिऑननं उपरणं उजेडात धरलं. ठिगळं, चिखल, जवाच्या भाकरीचा चुरा. लबाडीचा एकही डाग नाही. त्याला ते आवडलं नाही.

"काय सापडलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड का पडलं?"

मिकिऑन टाकीत उतरला आणि तुडवू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, तुम्ही लोकांना काय शिकवता? कारंज्यावर बसून?"

"शिकवत नाही. वल्ह्यांच्या गोष्टी सांगतो."

"लोक म्हणतात तुम्ही देवांना नावं ठेवता."

"मी एवढंच म्हटलं, की देवा, माझं जगणं चांगलं कर असं सांगून बोकड कापायचा आणि घरी जायचं, हे शेजाऱ्याला माझ्या वतीनं जेव असं सांगण्यासारखं आहे. पोट आपलंच उपाशी राहतं. बोकडाला माझी हरकत नाही. मटण मलाही आवडतं."

"मग चांगलं जगायचं कसं? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. आम्ही काय, लोकांची घाण तुडवणारी माणसं."

"चांगलं वल्हं कोणतं, ठाऊक आहे?" म्हाताऱ्यानं पोतं खांद्यावर ओढून घेतलं. "दिसायला देखणं असतं ते नव्हे. दिवसभर ओढल्यावर ओढणाऱ्याच्या हाताला फोड आणत नाही ते. वल्हं घडवणारा तर तेव्हा गलबतावर नसतो. कोण ओढणार, त्याला ठाऊकही नसतं. तरी त्यानं तासताना त्या हाताचा विचार केलेला असतो. मला वाटतं जगणंही तसंच आहे. आपल्यामुळे कुणाच्या हाताला फोड आला का, एवढं बघत राहावं."

"आणि ज्यांनी आपल्या हाताला फोड आणले, त्यांचं काय?"

म्हातारा गप्प झाला. मिकिऑननं पाय थांबवले. टाकीतलं पाणी स्थिर झालं तरी उत्तर आलं नाही.

"उपरणं वाळलं की सांग," फेडिमॉस शेवटी म्हणाला. बाकीचा वेळ तो ओढ्याकडे बघत बसला.

मिकिऑन घरी आला तो हाच विचार घेऊन. सगळ्या प्रश्नांना ज्याच्याकडे गोष्ट तयार, तो माणूस नेमका याच प्रश्नाला मुका का झाला?

या गोष्टीला महिनाही झाला नसेल, तेवढ्यात लिकिनॉसनं फेडिमॉसवर खटला भरला. लिकिनॉस तिशीतला, जैतुनाच्या बागांचा मालक, गोड बोलणारा. आरोप असा की फेडिमॉस गावच्या देवांचा अनादर करतो आणि लोकांना यज्ञापासून फोडतो. शिक्षा मागितली होती मृत्यूची. खरं कारण लोक वेगळंच सांगत. लिकिनॉसला सभेत सेनापती म्हणून निवडून यायचं होतं आणि भर बाजारात म्हाताऱ्यानं त्याला विचारलं होतं की तू स्वतः किती दिवस वल्हं ओढलं आहेस. बाजार हसला होता.

लिकिनॉस आपलं उपरणं घेऊन मिकिऑनच्या दुकानात स्वतः आला. एरवी त्याचा गडी यायचा. नाक न दाबता तो ओट्याशी उभा राहिला.

"मिकिऑनदादा, यंदा तुम्ही न्यायमंडळाच्या यादीत आहात म्हणे."

"गावात सहा हजार आहेत यादीत. कुणाला कुठे बसवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं."

"ते झालंच. मी काही मागायला आलो नाही. फक्त तुमच्या भावाची आठवण आली. बिचारा." त्यानं आवाज खाली आणला. "शपथ आहे, म्हणून मला न्यायालयात बोलता येणार नाही. पण तुमच्यापासून कशाला लपवायचं? त्या हिवाळ्यात, पोसेइडॉनच्या महिन्यात, अमावास्येच्या आदल्या दुपारी, हा फेडिमॉस गोल घराकडे जाताना दिसला होता. उघड्या डोक्यानं, काठी न घेता, घाईघाईनं. बघणारा अजून जिवंत आहे."

गोल घर म्हणजे जिथे ते तीस जण बसत. आणि अमावास्येच्या आदल्या दुपारीच देक्सिऑसला धरलं होतं.

मिकिऑनच्या हातातलं उपरणं गळून टाकीत पडलं. लिकिनॉस गेल्यावर तो टाकीत उतरला आणि ते तुडवू लागला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या संशयाला तोंड मिळालं होतं. म्हाताऱ्याचं ते जास्त वेळ बघणं, ती काढून घेतलेली नजर, ते मुकं होणं, सगळं जागच्या जागी बसत होतं.

घरी त्यानं लिसिलाला सांगितलं नाही. जेवताना फक्त विचारलं, "वहिनी, तो फेडिमॉस दादाच्या ओळखीचा होता का?"

तिनं डाळीचा वाडगा खाली ठेवला. "असेल. गोदीतली उपरणी यायची ना आपल्याकडे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

खटल्याच्या दिवशी मिकिऑन उजाडताच न्यायालयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. गळ्यात नावाची पट्टी. देवाला त्यानं एकच मागितलं, की आज माझी चिठ्ठी निघू दे. ती निघाली. आत सोडायला वेळ होता, म्हणून पाचशे माणसं रांगेत बसून कांदा-भाकरी खात होती. मिकिऑनच्या पुढे कोमॉन नावाचा खारवलेल्या मासळीचा व्यापारी होता. तो मागे वळून कुजबुजला.

"आज सोडायचा नाही याला. माझा पुतण्या नेला होता त्या तिसांनी. यानंच चुगली केली."

मिकिऑन त्याच्याजवळ सरकला. "कुणी सांगितलं?"

"आहे एक भला माणूस. पोसेइडॉनच्या महिन्यात, अमावास्येच्या आदल्या दुपारी, हा गोल घराकडे जाताना दिसला. उघड्या डोक्यानं, काठी न घेता."

"घाईघाईनं," मिकिऑन म्हणाला.

"हां, घाईघाईनं. तुलाही ठाऊक आहे म्हणजे."

मिकिऑननं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तुझ्या पुतण्याला कधी नेलं?"

"द्राक्षं तुडवायच्या दिवसांत. आम्ही सगळे रसानं माखलेले होतो, तेवढ्यात आले."

"म्हणजे दोन-अडीच महिने आधी. मग हा पोसेइडॉनच्या महिन्यात कशाला गेला सांगायला?"

कोमॉन विचारात पडला. "बक्षीस आणायला गेला असेल."

पलीकडे अखार्नाई गावचा एक कोळसेवाला बसला होता. त्यानं मान पुढे काढली. "कुणाचं बोलताय? काठी न घेतलेल्याचं? माझ्या मेव्हण्याचंही त्यानंच केलं. लिकिनॉस स्वतः घरी येऊन सांगून गेला. पोरांसाठी मध आणला होता."

"मेव्हण्याला कधी नेलं?"

"वसंतात. सगळं संपायच्या जरा आधी."

मिकिऑन भिंतीला टेकून बसला. एकच उपरणं तीन गिऱ्हाइकांना विकलेलं त्याच्या लक्षात आलं. आणखी किती जणांना विकलं असेल कोण जाणे. तीच दुपार, तेच उघडं डोकं. ज्याचं कुणी त्या दिवसांत गेलं असेल, अशी दारं शोधून लिकिनॉस फिरला होता. सकाळपर्यंत मिकिऑनचा सगळा संशय म्हाताऱ्यावर होता. आता तो निम्मा सुटून दुसरीकडे वळला. माणूस खरा असता तर त्याला एवढी दारं का लागली असती?

"बोलत का नाहीस?" कोमॉन म्हणाला.

"मासळी खारट आहे का, हे तू चाखून सांगतोस की ऐकून?"

"चाखून. का रे?"

"काही नाही. खा."

आत बाकांवर बसल्यावर पाण्याचं घड्याळ सुटलं आणि लिकिनॉस बोलला. छान बोलला. देव, वाडवडील, पोरंबाळं, सगळं आणलं. शेवटी थोडं पाणी उरलं असताना आवाज उतरवून म्हणाला, "काही गोष्टी शपथेमुळे मला बोलता येत नाहीत. त्या हिवाळ्यात हा म्हातारा कुठे गेला होता, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे." बाकांवरून गुरगुर उठली. मिकिऑननं आजूबाजूला पाहिलं. निदान शंभर माणसं एकाच जागी एकाच वेळी माना हलवत होती. त्याला ते मोजायचं नव्हतं, पण डोळे मोजत गेले.

मग फेडिमॉस उभा राहिला. ठिगळांचं उपरणं पांढरं स्वच्छ होतं. मिकिऑननंच धुतलेलं.

"मी गोदीतला माणूस आहे," तो म्हणाला. "मला सजवून बोलता येत नाही. लिकिनॉस म्हणतो मी तुम्हाला देवांपासून तोडलं. कारंज्यावर माझ्याशी बोललेल्यांपैकी यज्ञ सोडलेला एक माणूस त्यानं उभा करावा. त्यानं केलेला नाही. मी म्हणतो ते इतकंच, की देवळातून घरी आल्यावरही तुम्ही तेच असता. बायकोशी, गड्याशी, शेजाऱ्याशी तुम्हीच वागायचं आहे, देव येऊन वागत नाही. हा अनादर असेल तर शिक्षा करा. आणि त्या हिवाळ्यात मी कुठे गेलो होतो, असं हा सुचवतो. गेलो होतो. का गेलो, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते दुसऱ्याचं माझ्याकडे ठेवलेलं आहे. मालकाला विचारल्याशिवाय मी ते उघडणार नाही. जीव वाचवायलाही नाही."

गुरगुर वाढली. शेजारचा कोळसेवाला म्हणाला, "कबूल केलं की यानं."

गेला होता तर. लिकिनॉस लबाड होता आणि तरी म्हातारा गेला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे त्याला उमजेना. मताची वेळ आली. हातात काशाच्या दोन चकत्या आल्या. भरीव दांड्याची सोडण्यासाठी, पोकळ दांड्याची शिक्षेसाठी. दोन बोटांत टोकं झाकून धरायची, मताची चकती काशाच्या भांड्यात टाकायची, उरलेली लाकडाच्या, म्हणजे कुठली कुठे पडली ते कुणाला दिसत नाही.

भांड्यापाशी त्याला देक्सिऑसचा चेहरा आठवला. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण हाच असेल, आणि आपण तो हातचा घालवला तर? आणि नसेल तर? दाव्याला एक साक्षीदार होता म्हणे, बघणारा, अजून जिवंत. त्याला लिकिनॉसनं कुणासमोर उभं केलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीला धरून मिकिऑननं भरीव चकती काशाच्या भांड्यात टाकली. म्हाताऱ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. दुसऱ्यावर कमी बसला म्हणून.

फेडिमॉस तीस-एक मतांनी सुटला.

मिकिऑन घरी आला तेव्हा ऊन मावळतीला लागलं होतं. लिसिला मागावर होती. त्यानं पाय धुतले आणि सगळं सांगितलं, लिकिनॉसच्या भेटीपासून म्हाताऱ्याच्या बोलण्यापर्यंत. ठेवलेल्या उत्तराशी येताच माग थांबला.

"काय म्हणाले ते? पुन्हा सांगा."

"दुसऱ्याचं ठेवलेलं आहे. मालकाला विचारल्याशिवाय उघडणार नाही."

लिसिला मागावरून उठली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "ते माझं आहे, भाऊजी. माझ्यासाठी त्यांनी जीव पणाला लावला आणि मी इथे सूत ओढत बसले होते."

मग तिनं सांगितलं. तिसांच्या यादीत नाव नव्हतं, नुसतं 'वेशीजवळचा परीट' एवढंच होतं. ते तिथे कुणी पोचवलं, ते आजवर कळलेलं नाही. त्या दुपारी देक्सिऑस फिलीहून परतत होता. वाटेत त्याला कळलं की संध्याकाळी माणसं परटाला धरायला जाणार आहेत. दुकानात मिकिऑन एकटा होता. सरहद्दीपलीकडच्या मेगाराचा रस्ता मोकळा होता. देक्सिऑस मेगाराला गेला नाही. तो गोल घरी गेला आणि परीट मी, असं सांगून उभा राहिला. फेडिमॉस त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत गेला होता आणि निरोप घेऊन तिच्याकडे आला होता. निरोप एवढाच होता, की मिकिऑनला सांगू नको, तो मला सोडवायला येईल आणि दोघेही जाऊ.

"आणि नंतर?" मिकिऑन म्हणाला. "चौदा वर्षं?"

"नंतर तुम्ही एकेकाचा संशय घ्यायला लागलात. मला वाटलं, हे सांगितलं तर शेवटी स्वतःवर याल. त्यापेक्षा अंजीरवाला बरा."

मिकिऑन त्या रात्री जेवला नाही. त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. त्याला राग होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. आणि रागाखाली जुनी सवय जागीच होती. ही गोष्ट खरी कशावरून? चुगली करणारा माणूस पकडला जाऊ लागला की अशीच सुंदर गोष्ट रचेल. वहिनीला तरी ती कुणी सांगितली? त्यानंच. पाचशे जणांत ज्याच्यासाठी लिकिनॉसची ती दुपार खरी निघाली असा आपण एकटाच, या विचारानं तो रात्री उठून बसे. हे आधी कळलं असतं तर आपण कुठली चकती टाकली असती, हेही त्याला सांगता येईना.

शेवटी एका सकाळी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि कारंज्यावर गेला.

"काका, उठा. दादा तुम्हाला जिथे भेटला ती जागा दाखवा."

फेडिमॉस त्याच्याकडे बघत राहिला. "लिसिलानं सांगितलं तर."

"तिनं तुमचं सांगितलं. मला तुमच्या तोंडून हवं."

म्हातारा काठी टेकत उठला. दोघे वेशीबाहेर पडले, थडग्यांची रांग ओलांडून रस्ता डोंगराकडे वळतो तिथवर आले. तिथे एक जुनं जैतुनाचं झाड होतं आणि त्याखाली कुठल्या तरी गाडीतून पडलेला मोठा दगड.

"मी लाकूड बघायला गेलो होतो. परत येत होतो. तो या दगडावर बसला होता."

"उभा होता की बसला होता?"

"बसला होता."

"अंगात काय होतं?"

"गडद तपकिरी उपरणं. थंडी होती."

"पायात?"

"एका पायात वहाण होती. दुसरीचा बंद तुटला होता, ती हातात होती. तोंडानं गाठ मारायचा प्रयत्न करत होता."

घरी आलेल्या देहाच्या डाव्या वहाणेला ओल्या चामड्याची ओबडधोबड गाठ होती. ती त्यानं स्वतः सोडवली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. तरी तो थांबला नाही.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"पळ म्हणालो," फेडिमॉस म्हणाला. "तेव्हा मी चांगल्या जगण्याचा फारसा विचार केलेला नव्हता. मी म्हणालो, मेगारा जवळ आहे, मूर्खपणा करू नकोस, भाऊ आपलं बघून घेईल. दोनदा म्हणालो."

"तो?"

"म्हणाला, त्याला काहीच ठाऊक नाही हो, तो आत्ता गाणं म्हणत तुडवत असेल. मग म्हणाला, माझ्याबरोबर चला, एकट्यानं पाय उचलत नाहीत. माझी काठी इथेच राहिली. डोक्यावरचं कापड त्याच्या हाताला बांधलं, हात थरथरत होता म्हणून."

"घाबरला होता?"

"फार."

"किती वेळ बसला होता इथे?"

म्हाताऱ्यानं आठवून पाहिलं. "झाडाची सावली या दगडापासून रस्त्यापर्यंत सरकली. तेवढा वेळ."

मिकिऑननं दगडापासून रस्त्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं, मग पावलांनी मोजलं. अकरा पावलं होती. तो परत आला.

"तुमचं चुकलं, काका. पळ म्हणायला नको होतं. आणि त्याच्याबरोबर जायलाही नको होतं. धरून ठेवायचं, मला हाक मारायची."

"असेल. मी चौदा वर्षं तेच बघतोय."

मिकिऑन दगडावर बसला. म्हातारा उभाच होता. थोड्या वेळानं मिकिऑननं सरकून त्याला जागा दिली आणि विचारलं, "गाठ मारताना तो काही बोलत होता का? आठवून सांगा. सगळं सांगा."